आकार बदलणारी सुपरहिरोइन कागदावर कशी उतरवावी

कॉमिक्समधल्या सगळ्या अचाट शक्तींमध्ये आकार बदलण्याची शक्ती सुचायला सर्वांत सोपी आणि रेखाटायला सर्वांत अवघड आहे. उडणारी नायिका ढगांत दाखवली की ती उडते हे कळते, हातातून वीज निघाली की तीही दिसते. पण मोकळ्या चौकटीत एकटी उभी असलेली नायिका दीड सेंटिमीटरची आहे की पंधरा मीटरची, हे तिच्या आकृतीवरून कधीच कळत नाही. ते कळते केवळ तिच्या शेजारी काय ठेवले आहे यावरून. म्हणून अशी नायिका निर्माण करायची असेल, तर तिचा चेहरा आणि पोशाख यांआधी तिच्या भोवतीचे जग आणि त्या जगाशी तिचे असलेले प्रमाण ठरवावे लागते. हे लेखन स्वतःची चित्रकथा लिहू किंवा काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी प्रामुख्याने मार्व्हलची वॉस्प घेतली आहे, कारण साठ वर्षांहून अधिक काळात अनेक हातांतून गेलेल्या या पात्रात अनुकरणीय गोष्टीही आहेत आणि टाळण्याजोग्याही.

जॅनेट व्हॅन डाइन ऊर्फ वॉस्प पहिल्यांदा आली ती जून १९६३ च्या ‘टेल्स टु अ‍ॅस्टॉनिश’च्या ४४ व्या अंकात. कथानक स्टॅन ली यांचे, संवाद एच. ई. हंटली या टोपणनावाने लिहिणाऱ्या अर्नी हार्ट यांचे आणि रेखाटन जॅक कर्बी यांचे होते. परग्रहावरून आलेल्या एका प्राण्याने वडिलांचा जीव घेतल्यावर जॅनेट हँक पिम या शास्त्रज्ञाकडे, म्हणजे मुंगीएवढा लहान होऊ शकणाऱ्या अँट-मॅनकडे, जाते. पिम तिच्या शरीरात अशा पेशी बसवतो, की ती लहान झाली म्हणजे तिला पंख फुटतात आणि डोक्यावर स्पर्शिका येतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक निघाला, तेव्हा ती संस्थापक सदस्यांपैकी एक होती आणि संघाचे नावही तिलाच सुचले होते. मात्र आणखी दोनच महिन्यांनी पिमला प्रचंड मोठे होण्याची शक्ती देण्यात आली आणि तो जायंट-मॅन झाला, तर वॉस्प लहानच राहिली. पुरुषाने वाढायचे आणि स्त्रीने आक्रसायचे ही त्या काळची वाटणी होती. नवी नायिका घडवणाऱ्याने हा इतिहास नजरेसमोर ठेवावा, म्हणजे तीच वाटणी नकळत पुन्हा आपल्या कागदावर येणार नाही.

पहिले काम: वजनाचा निर्णय

लेखकाने सर्वांत आधी द्यायचे उत्तर उंचीचे नसून वजनाचे आहे. नायिका लहान झाली तर तिचे वजनही घटते की तेवढेच राहते? योगपरंपरेतल्या अष्टसिद्धींमध्ये अणिमा आणि महिमा या आकाराच्या सिद्धी आहेत, तर लघिमा आणि गरिमा या वजनाच्या. आकार आणि वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत ही जाण तिथे स्पष्ट दिसते. चित्रकथेच्या लेखकालाही हा भेद पहिल्याच दिवशी कागदावर मांडावा लागतो.

गणित साधे आहे. नायिकेची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ५५ किलो धरू. तिची उंची शंभराव्या भागावर आणली तर ती १.६५ सेंटिमीटरची होईल, म्हणजे उभ्या धरलेल्या रुपयाच्या नाण्याहून थोडी बुटकी. पण लांबी शंभर पटींनी घटली की पृष्ठभाग दहा हजार पटींनी घटतो आणि घनफळ दहा लाख पटींनी. घनता तीच राहिली तर तिचे वजन उरेल केवळ ५५ मिलिग्रॅम. याउलट वजन ५५ किलोच ठेवले, तर ते सगळे तिच्या दोन तळपायांच्या मिळून जेमतेम तीन चौरस मिलिमीटर जागेवर येईल. एवढ्या दाबाखाली लाकडी टेबल टिकणार नाही. ती त्यात खिळ्यासारखी रुतेल.

मार्व्हलने यासाठी पिम कणांची कल्पना वापरली. लहान होताना जादा वस्तुमान दुसऱ्या मितीत जाते आणि मोठे होताना तिथूनच येते, असे हे स्पष्टीकरण आहे. तरीही तिथल्या कथांमध्ये अँट-मॅन मुंगीच्या पाठीवर बसून हिंडतो आणि त्याच अंकात पूर्ण वाढीच्या माणसाच्या ताकदीचा ठोसाही मारतो. वाचक ही विसंगती चालवून घेतो, कारण तिला अनेक दशकांची सवय झालेली आहे. नव्या पात्राला ती सवलत मिळत नाही. माझा आग्रह असा, की दोहोंपैकी एक नियम निवडावा, तो एका वाक्यात लिहून भिंतीवर लावावा आणि कथा अडली म्हणून तो मोडू नये.

वजन घटते हा नियम निवडणे मला अधिक फलदायी वाटते. कामकरी मधमाशीचे वजन साधारण १०० मिलिग्रॅम असते आणि तिचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. ५५ मिलिग्रॅमच्या नायिकेला त्याच मापाचे पंख पेलतील, पूर्ण उंचीच्या स्त्रीला ते कधीही उचलू शकणार नाहीत. वॉस्पचे पंख ती लहान झाल्यावरच फुटतात, हा १९६३ सालचा तपशील म्हणूनच आजही पटतो. पण हाच नियम तिचा ठोसा काढून घेतो. ५५ मिलिग्रॅमचा आघात गालावर जाणवणारही नाही, आणि म्हणून वॉस्पला ऊर्जेचा डंख द्यावा लागला. आपल्या नायिकेला डंख द्यायचा की नाही, आणि नसेल द्यायचा तर ती लढते कशाने, हा प्रश्न इथेच सोडवून ठेवावा.

मोठे होण्याचा हिशेबही तितकाच कठोर आहे. उंची दहा पटींनी वाढून १६.५ मीटर झाली, तर वजन हजार पटींनी वाढून ५५ टन होईल. हाडांचा छेद मात्र शंभर पटींनीच वाढेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दसपट भार येईल. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात नेमका हाच हिशेब मांडून सांगितले होते, की असा राक्षस पहिल्या पावलालाच मांडीची हाडे मोडून बसेल. (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.) अर्थात आपली नायिका अतिमानवी आहे आणि तिने पहिल्याच पानावर कोसळावे अशी कोणाचीही इच्छा नाही. पण तो भार तिला जाणवावा, वाढलेल्या अवस्थेत तिने फार काळ राहू नये, परतल्यावर तिचे गुडघे ठणकावेत. अशा किमतीमुळे वाढण्याचा प्रत्येक निर्णय कथेत महत्त्वाचा ठरतो.

शरीराने कथेला पुरवलेले तपशील

नियम ठरला, की त्यातून निघणारे सगळे परिणाम दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन-तीन परिणाम निवडून ते कथाभर सातत्याने वापरावेत, बाकीचे सोडून द्यावेत. निवडीला मदत व्हावी म्हणून मला सर्वांत उपयोगी वाटलेले काही तपशील पुढे देतो.

आवाजापासून सुरुवात करावी. स्त्रीचा बोलण्याचा स्वर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो. स्वरतंतू शंभर पटींनी आखूड झाले तर ढोबळ हिशेबाने तो २०,००० हर्ट्झवर जाईल, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या वरच्या टोकाला. ती जिवाच्या आकांताने ओरडेल आणि समोरच्याला काहीच ऐकू येणार नाही. उलट ती दहापट वाढली तर तोच स्वर २० हर्ट्झवर, म्हणजे खालच्या टोकाला येईल. तिचे शब्द कानांपेक्षा छातीत आणि खिडक्यांच्या काचांत अधिक जाणवतील. दोन्ही टोकांना ही नायिका एकाकी पडते. संवाद कसा साधायचा, खुणांनी, एखाद्या उपकरणाने की पुन्हा मूळ आकारात येऊन, यावर एक संपूर्ण अंक उभा राहू शकतो.

पाणी हे लहान नायिकेचे दुसरे मोठे संकट. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर पाण्याचा सुमारे अर्धा मिलिमीटरचा थर असतो आणि आपल्याला त्याचे ओझे वाटत नाही. १.६५ सेंटिमीटरच्या शरीरावर तेवढाच थर साठला तर ते पाणी अंदाजे ८० मिलिग्रॅम भरेल, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास दीडपट. पेल्यावरून ओघळणारा एक थेंब तिला अडकवून ठेवू शकतो. खलनायकाच्या हातात बंदुकीऐवजी पाण्याची फवारणी द्यावी. वाचकाला धोका लगेच पटतो. दुसरीकडे उंचावरून पडण्याची भीती तिला जवळजवळ नसते, कारण इतक्या हलक्या शरीराला हवाच सावरून धरते. माडीवरून पडूनही ती उठून चालू लागेल, पण चहाच्या कपात पडली तर बुडेल.

भुकेचाही विचार करावा. लहान शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. जेमतेम दोन ग्रॅम वजनाची एट्रुस्कन चिचुंद्री हा वजनाने सर्वांत लहान सस्तन प्राणी मानला जातो, आणि तिला दिवसभरात स्वतःच्या वजनाहून अधिक खावे लागते. आपली नायिका तिच्याहूनही कितीतरी हलकी आहे. त्यामुळे तासाभराच्या हेरगिरीतही साखरेचा दाणा शोधणे हे तिचे खरे काम ठरते.

शक्ती कुठून आली, हेही इथेच ठरवावे. पिमच्या सुरुवातीच्या कथांत साधन बदलत गेले: आधी द्रव, मग वायू, मग गोळ्या. साधन बाहेरचे असले तर ते चोरीला जाऊ शकते, संपू शकते, दुसऱ्याच्या हाती पडू शकते. मार्व्हलची स्पर्धक प्रकाशनसंस्था डीसी हिच्या १९६१ सालच्या श्रिंकिंग व्हायोलेट या नायिकेच्या बाबतीत शक्ती जन्मजात आहे. तिच्या इम्स्क या ग्रहावर सगळेच आकार घटवू शकतात, म्हणून घरी ती चारचौघींसारखी आणि बाहेर असामान्य ठरते. तिसरा मार्ग मला सर्वांत जिवंत वाटतो, तो म्हणजे शक्ती भावनेशी बांधण्याचा. दुसऱ्या अँट-मॅनची मुलगी कॅसी लँग २००५ मध्ये ‘यंग अ‍ॅव्हेंजर्स’मधून स्टेचर या नावाने पुढे आली. रागाने ती वाढते आणि अपराधीपणाच्या भावनेने आक्रसते. तिचा आकार पाहिला की तिच्या मनात काय चालले आहे ते वाचकाला संवादावाचून कळते, आणि चित्रकथेसारख्या दृश्य माध्यमाला याहून सोयीची योजना मिळणे कठीण आहे.

रेखाटन

आता चित्राकडे वळू. सर्वप्रथम नायिकेच्या ठरावीक तीन उंचींचा एक नमुना-तक्ता तयार करावा. मधले असंख्य आकार कथेत येऊ शकतात, पण वाचकाच्या लक्षात तीनच राहतात. प्रत्येक उंचीशेजारी रोजच्या ओळखीच्या दोन-तीन वस्तू मोजून काढाव्यात. १.६५ सेंटिमीटरसाठी आडवी पडलेली काडेपेटी, शर्टाचे बटण, पेन्सिलीचे टोक. १६.५ मीटरसाठी पाचमजली इमारत, विजेचा खांब, बस. कथा मुंबईत घडत असेल तर २६ मीटर उंचीचे गेटवे ऑफ इंडिया हाताशी आहे. त्याच्याशेजारी उभी राहिली तर ती त्याच्या दोन-तृतीयांश उंचीलाही पोहोचणार नाही, हे आधी मोजले नाही तर प्रत्येक चौकटीत तिची उंची वेगळी निघते.

ओळखीची वस्तू निवडताना तिचे माप वाचकाच्या मनात पक्के असले पाहिजे. दगड, झाड, ढग, डोंगर यांचा काहीच उपयोग होत नाही, कारण ते कोणत्याही मापाचे असू शकतात. माणसाचा हात हा सर्वांत विश्वासू मापदंड आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षितिजरेषा. पाहणाऱ्याचा डोळा ज्या उंचीवर, त्याच उंचीवर क्षितिजरेषा असते आणि ती रेषा चित्रातल्या ज्या ज्या वस्तूला छेदते, तो छेद त्या उंचीचा असतो. टेबलावरच्या लहान नायिकेच्या नजरेतून दृश्य दाखवायचे असेल, तर ही रेषा टेबलाच्या पृष्ठभागापासून दीड सेंटिमीटरवर घ्यावी. मग चहाचा कप तिच्या डोक्यावर पाण्याच्या टाकीसारखा उभा राहतो आणि समोर बसलेल्या माणसाची हनुवटी कुठेतरी छताजवळ जाते. अनेक नवशिके चित्रकार लहान नायिका वरून, माणसाच्या डोळ्यांनी पाहतात. त्यात ती फक्त लहान दिसते. तिच्या उंचीवर उतरले की जग मोठे होते, आणि वाचक तिच्या बाजूला येतो. दोन्ही कोन हवेत, पण प्रसंग तिचा असेल तेव्हा कोनही तिचाच असावा.

प्रचंड नायिकेसाठी याच्या उलट. क्षितिजरेषा रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांपाशी ठेवावी आणि उभ्या रेषा वर एका बिंदूकडे जुळत न्याव्यात. पाय भले मोठे, कंबर लहान, डोके त्याहून लहान आणि दूरच्या हवेमुळे थोडे फिकट. जवळच्या भागांना जाड काळी रेषा आणि वरच्या भागांना बारीक रेषा दिली, की शाईच बरेचसे काम करते.

शरीराची प्रमाणे मात्र कुठल्याही आकारात बदलू नयेत. वीरकथांच्या शैलीत प्रौढ आकृती साधारण आठ डोक्यांची काढतात, लहान मुलाची चार-पाच डोक्यांची. छोटी आकृती काढताना चेहरा दिसावा म्हणून हात आपोआप डोके मोठे करतो आणि कर्तबगार स्त्रीची बाहुली होते. हे कटाक्षाने टाळावे. चेहरा दाखवायचाच असेल तर चौकटीतच एक वर्तुळ घेऊन त्यात ती जवळून दाखवावी, किंवा पुढची चौकट तिला द्यावी.

छपाईत चित्र लहान होते हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकी कॉमिक्सची मूळ पाने आज साधारण दहा बाय पंधरा इंचांच्या चौकटीत काढतात आणि छापताना ती सुमारे दोन-तृतीयांश होतात. कर्बींनी वॉस्प काढली त्या काळात मूळ कागद छापील पानाच्या जवळपास दुप्पट असे. शिवाय आपला वाचक बहुधा मोबाइलच्या पडद्यावर वाचणार आहे. तिथे काही मिलिमीटरच्या आकृतीत नाक-डोळे उरत नाहीत, उरते ती बाह्याकृती आणि रंग. म्हणून पंख, केसांची ठेवण किंवा पोशाखाचा एखादा ठळक रंग असा ठरवावा, की ठिपक्याएवढ्या आकृतीवरूनही तीच आहे हे कळेल.

पोशाखाबद्दल एक आग्रहाचे सांगणे आहे. शरीर वाढताना कपडे फाटतात किंवा घटताना गळून पडतात, हा विनोद या प्रकारच्या कथांमध्ये अनेकदा झाला आहे, आणि त्यात नेहमी नायिकेलाच लाजवले जाते. तिचे कापड तिच्याबरोबर बदलते, असे एका वाक्यात सांगून टाकावे. वॉस्प स्वतः पोशाखांची रचनाकार आहे आणि सतत नवे पोशाख घालते. कपडे हा तिच्या कर्तृत्वाचा भाग करण्याची ही पद्धत कितीतरी चांगली आहे.

गतीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पाऊल पडायला लागणारा वेळ लंबकासारखा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दहापट उंच नायिकेचे पाऊल तिप्पट सावकाश पडेल, शंभरपट लहान नायिकेचे दहापट वेगाने. चित्रकथेत काळ चौकटींच्या संख्येने मोजला जातो, त्यामुळे हा नियम चौकटींत उतरवता येतो. प्रचंड नायिकेचे एकच पाऊल तीन चौकटींत विभागावे आणि तेवढ्यात खाली माणसे पळून, अडखळून, वळून पाहताना दाखवावीत. लहान नायिका मात्र खलनायकाचे एक वाक्य संपण्याच्या आत पाच कामे उरकते. त्याचा संवादाचा फुगा पाच चौकटींवर पसरवावा. असे पान वाचताना आकार न सांगता जाणवतो.

तिला काम काय द्यावे

लहान नायिकेचे खरे सामर्थ्य जिथे कोणी पोहोचू शकत नाही तिथे पोहोचण्यात आहे: कुलपाच्या आत, तारांच्या जुडग्यात, बंद दाराआड चाललेल्या बोलण्यात. प्रचंड नायिकेचे सामर्थ्य वाट अडवून उभे राहण्यात आहे. लेखकाने प्रत्येक प्रसंगाला विचारावे, की हे काम दुसऱ्या एखाद्या शक्तीने तितकेच चांगले झाले असते का? उत्तर होकारार्थी असेल तर प्रसंग बदलावा.

वॉस्पचा प्रवास याबाबतीत बोलका आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिला प्रामुख्याने पिमची प्रेयसी म्हणून लिहिले गेले. पण १९८२ मध्ये ती अ‍ॅव्हेंजर्सची अध्यक्ष झाली आणि रॉजर स्टर्न यांच्या लेखनात तिचे नेतृत्व फुलले. १९८६-८७ च्या कथामालिकेत शत्रूंनी संघाचे मुख्यालय बळकावले, तेव्हा प्रतिहल्ल्याची आखणी तिनेच केली. तिची शक्ती पूर्वीचीच होती. लेखकाने तिच्याकडे निर्णय सोपवले, एवढाच फरक पडला आणि पात्र उभे राहिले. २०१६ मध्ये आलेली नवी वॉस्प, नादिया, तर स्वतः शास्त्रज्ञ आहे आणि इतर हुशार मुलींना शोधून प्रयोगशाळा उभारते. आपल्या नायिकेने आकार केव्हा बदलायचा हे तिने स्वतः ठरवावे, दुसऱ्याच्या हुकमाने नव्हे.

संवादलेखन करताना आवाजाचा नियम अक्षरांतही पाळावा. लहान नायिकेसाठी नेहमीच्या मापाच्या फुग्यात बारीक अक्षरे आणि भोवती भरपूर पांढरी जागा. प्रचंड नायिकेसाठी जाड, ऐसपैस अक्षरे आणि चौकटीच्या कडा ओलांडणारा फुगा. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार फार बारीक झाले तर वाचता येत नाहीत, म्हणून अक्षरे लहान करण्यापूर्वी ती मोबाइलवर तपासून पाहावीत.

शाई फिरवण्याआधी पेन्सिलीतली पाने कथा न वाचलेल्या एखाद्या व्यक्तीसमोर ठेवावीत आणि संवाद झाकून प्रत्येक चौकटीत नायिका किती उंच आहे ते विचारावे. ज्या चौकटींचे उत्तर चुकेल किंवा यायला वेळ लागेल, त्यांत ओळखीची वस्तू आहे का, क्षितिजरेषा बरोबर आहे का आणि डोके मोठे झालेले नाही ना, या तीन गोष्टी पाहून त्या पुन्हा काढाव्यात.